ऑइल-फ्री कॉम्प्रेसर बसवला, पण हवा स्वच्छ आहे का? बडोद्यातल्या नव्या युटिलिटी इंजिनिअरसाठी

बडोद्याच्या चहूबाजूंना औषधांचे आणि खाद्यपदार्थांचे कारखाने आहेत. हालोल, सावली-मंजुसर, वाघोडिया, पादरा-करखडी, आणि शहरातच मकरपुरा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या घरांतली कितीतरी मुलंमुली डिप्लोमा किंवा डिग्री संपवून तिथल्या युटिलिटी विभागात, म्हणजे वीज, पाणी, वाफ, हवा पुरवणाऱ्या विभागात, लागतात. बॉयलर, चिलर, आरओ (पाणी शुद्ध करणारी यंत्रणा), डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर असं सगळं एकदम अंगावर येतं. त्यात पाण्याची काळजी सगळे घेतात, कारण पाण्याचे नमुने नियमित लॅबला जातात आणि निकाल वाईट आला की फोन खणखणतो. हवेचं तसं नसतं. गेजवर ७ बार दिसले की हवा ठीक आहे असं धरून काम पुढे चालतं.

गोळीवर, व्हायलमध्ये (इंजेक्शनच्या बाटलीत) किंवा दह्याच्या कपात जाणारी हवा हा कच्चा माल आहे, असं माझं ठाम मत आहे. बाकी कच्च्या मालासोबत तपासणीचा दाखला येतो. हवा आपण स्वतः बनवतो, म्हणून तिचा दाखलाही आपल्यालाच तयार करावा लागतो. यंत्रावर ‘ऑइल-फ्री’, म्हणजे हवा दाबताना तेल न वापरणारं, अशी पाटी असली तरी तो दाखला होत नाही. हवा जिथे मालाला लागते त्या टोकाला मोजलेला आकडा काय तो खरा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून पायऱ्यांची सुरुवातही यंत्रापासून न करता टोकापासून केली आहे.

पायरी १: हवा कुठे कुठे लागते ते पायी फिरून पाहा

पाइपिंगचं ड्रॉइंग हातात घ्या आणि उत्पादन विभागातून चालत फिरा. प्रत्येक टोकाची नोंद करा. ड्रॉइंगमध्ये नसलेली टोकं हमखास सापडतात. कोणीतरी कधीतरी टी (तीन तोंडांचा जोड) मारून लाइन घेतलेली असते, कुठे सफाईसाठी एअर गन लटकत असते.

मग प्रत्येक टोक तीनपैकी एका गटात घाला. पहिला गट थेट संपर्काचा. कोटिंग पॅनमधली स्प्रेची हवा, जेट मिलमध्ये पावडर दळणारी हवा, धुतलेल्या व्हायलमधलं पाणी उडवणारी हवा, ब्लिस्टरचे खळगे फुगवणारी हवा, फर्मेंटरमध्ये सोडलेली हवा, पाण्याच्या बाटल्या फुगवणारी हवा, कप-पाऊच भरण्याआधी आतली धूळ उडवणारी हवा. दुसरा गट अप्रत्यक्ष संपर्काचा, म्हणजे मालाला लागत नाही पण मालाच्या खोलीत सुटते ती हवा. तिसऱ्यात उपकरणांची हवा, व्हॉल्व्ह अ‍ॅक्च्युएटर आणि वर्कशॉप.

दुसऱ्या गटात गफलत होते. पॅकिंग मशीनवरचा न्यूमॅटिक सिलिंडर कागदावर ‘संपर्क नाही’ या रकान्यात असतो. पण प्रत्येक स्ट्रोकला त्याची हवा एक्झॉस्टमधून बाहेर पडते. तो एक्झॉस्ट उघड्या हॉपरच्या वर असेल तर ती हवा मालावरच पडते. म्हणून सिलिंडर कुठे आहे यापेक्षा त्याचा एक्झॉस्ट कुठे सुटतो ते बघा. शक्य असेल तिथे एक्झॉस्ट नळीने खोलीबाहेर न्या, नाहीतर ते टोक पहिल्या गटात टाका.

याच फेरीत आणखी एक तपासा. एपीआय (औषधाचा मूळ सक्रिय घटक) बनवणाऱ्या प्लांटमध्ये एअरलाइन सूट किंवा मास्क घालून काम चालतं. ती श्वासाची हवा प्रोसेसच्या हेडरवरून (मुख्य पाइपावरून) थेट घेतलेली असेल तर ते त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा. ऑइल-फ्री यंत्र कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. श्वासाच्या हवेला तिची वेगळी शुद्धीकरण यंत्रणा आणि गॅसचा अलार्म लागतो.

पायरी २: दर्जा आकड्यांत लिहा

‘स्वच्छ, कोरडी, तेलविरहित हवा’ असं अपेक्षापत्रात (पुरवठादाराला द्यायच्या मागणीच्या कागदात) लिहिलेलं मी वाचतो तेव्हा मला काळजी वाटते. त्या वाक्याच्या आधारे पुरवठादार काहीही देऊ शकतो. आकडे लिहा.

त्यासाठी आयएसओ ८५७३-१ हे मानक आहे, सध्या त्याची २०१० ची आवृत्ती वापरतात. त्यात हवेचा दर्जा तीन अंकांत सांगतात. पहिला अंक कणांचा, दुसरा पाण्याचा, तिसरा तेलाचा. तेल म्हणजे द्रव, तुषार आणि वाफ हे तिन्ही मिळून. वर्ग १ ला तेल घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, वर्ग २ ला ०.१, वर्ग ३ ला १ आणि वर्ग ४ ला ५ मिलिग्रॅम. पाण्यासाठी दाबाखालचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) बघतात: वर्ग २ म्हणजे उणे ४० अंश किंवा त्याखाली, वर्ग ३ उणे २०, वर्ग ४ अधिक ३ अंश. कणांच्या वर्ग १ मध्ये ०.१ ते ०.५ मायक्रॉनचे कण घनमीटरला २०,००० पर्यंत आणि १ ते ५ मायक्रॉनचे फक्त १० पर्यंत चालतात.

०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती ते मनात उतरलं पाहिजे. तेलाचा एक थेंब साधारण ३० मिलिग्रॅमचा धरा. तो ३,००० घनमीटर हवेत मिसळला की वर्ग १ ची मर्यादा गाठली गेली. ५०० सीएफएमचं (मिनिटाला ५०० घनफूट हवा देणारं) यंत्र तासाला ८५० घनमीटरच्या आसपास हवा देतं. म्हणजे दर साडेतीन तासांना एक थेंब, यापेक्षा जास्त तेल गेलं की तुम्ही वर्ग १ मध्ये राहत नाही.

‘क्लास झिरो’बद्दल बाजारात फार गैरसमज आहे. वर्ग ० म्हणजे शून्य तेल असं मानक म्हणत नाही. वर्ग १ पेक्षा कडक, आणि वापरणारा किंवा उत्पादक ठरवेल ती मर्यादा, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे नुसतं ‘क्लास झिरो’ लिहून भागत नाही, शेजारी आकडा लिहावा लागतो. पुरवठादाराने प्रमाणपत्र दाखवलं तर ते कोणत्या मॉडेलचं आहे, कोणत्या दाबाला आणि तापमानाला चाचणी झाली, तुषार आणि वाफ दोन्ही मोजले का, हे विचारा. ते प्रमाणपत्र चाचणीगृहातल्या यंत्राचं असतं, तुमच्या खोलीतल्या हवेचं नसतं.

अन्न कारखान्यांसाठी ब्रिटिश कॉम्प्रेस्ड एअर सोसायटीची मार्गदर्शिका थेट संपर्काला २:२:१ आणि संपर्क नसलेल्या हवेला २:४:२ सुचवते. सुरुवातीला हे धरून चालायला हरकत नाही. औषधांत मात्र दर्जा कारखान्याने स्वतःच्या जोखमीच्या अभ्यासावरून ठरवायचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्येही (औषध उत्पादनाच्या भारतीय नियमांत) जोखीम व्यवस्थापनावर भर आहे. निर्जंतुक मालासाठी युरोपच्या जीएमपीचं (चांगल्या उत्पादन पद्धतीच्या नियमांचं) परिशिष्ट १, जे ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे, असेप्टिक (जंतू शिरू न देता चालणाऱ्या) प्रक्रियेतले वायू वापराच्या टोकाला ०.२२ मायक्रॉनच्या निर्जंतुकीकरण दर्जाच्या फिल्टरमधून न्यायला सांगतं, आणि त्या फिल्टरची इंटिग्रिटी टेस्टही (तो फाटका नाही ना याची चाचणी) मागतं. निर्यात करणाऱ्या प्लांटमध्ये हा प्रश्न ऑडिटर विचारतातच.

पायरी ३: तेल कुठून येतं ते समजून घ्या

मकरपुऱ्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये दिसतो तो ऑइल-इंजेक्टेड स्क्रू कॉम्प्रेसर. त्यात तेल मुद्दाम दाबकक्षात सोडतात. ते रोटर थंड ठेवतं, फटी सील करतं, वंगणही करतं. बाहेर पडताना सेपरेटर बहुतेक तेल परत घेतो, तरी घनमीटरला २-३ मिलिग्रॅम पुढे जातं. वरच्याच ५०० सीएफएमच्या यंत्राचा हिशेब करा. ३ मिलिग्रॅमने तासाला अडीच ग्रॅम आणि वर्षाला ८,००० तास चाललं तर सुमारे २० किलो तेल पाइपात. हातोडा चालवायला, नट आवळायला ही हवा उत्तम आहे आणि तिथे ऑइल-फ्रीवर पैसे घालू नयेत.

‘पुढे चांगले फिल्टर लावले की झालं’ हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल. कोअलेसिंग फिल्टर तुषार पकडतात, वाफ त्यांच्यातून सरळ निघून जाते. वाफेसाठी सक्रिय कार्बन लागतो. कार्बनची क्षमता हवा गरम आणि ओलसर झाली की कोसळते. मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, कॉम्प्रेसर रूममध्ये त्याहून जास्त. म्हणजे तेलाची वाफ वाढते त्याच दिवसांत कार्बन लवकर भरतो. आणि भरलेला कार्बन काहीच इशारा देत नाही. कोअलेसिंग फिल्टर चोंदला की डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) वाढतं, काटा हलतो. कार्बनचा काटा जागचा हलत नाही आणि तेल पुढे जात राहतं. मालाशी थेट संपर्काच्या हवेसाठी मी ऑइल-इंजेक्टेड अधिक फिल्टर ही जोडणी कधीच सुचवत नाही. ‘कधीकधी तेल येईल’ अशी यंत्रणा आपण स्वतः बसवायची आणि मग तिच्यावर पहारा ठेवायचा, हे मला पटत नाही. फूड-ग्रेड तेलानेही हे सुटत नाही. असं, म्हणजे एच-१ वर्गाचं, तेल अपघाताने अगदी थोडं मालात गेलं तर चालावं यासाठी असतं, सतत जाण्यासाठी नाही.

यंत्र हा तेलाचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग कॉम्प्रेसर आत ओढतो ती बाहेरची हवा आणि तिसरा आपलीच पाइपलाइन. या दोन्हींकडे पुढे येतो.

पायरी ४: यंत्राचा प्रकार

ऑइल-फ्री म्हणजे यंत्रात कुठेच तेल नसतं असं नाही. ड्राय स्क्रूमध्ये गिअरबॉक्स आणि बेअरिंगला तेल असतंच. दाबकक्षात मात्र नसतं. दोन रोटर एकमेकांना टेकत नाहीत, टायमिंग गिअर त्यांच्यातली फट राखतात आणि बेअरिंग व कक्ष यांच्यामधल्या सीलना बाहेर उघडणारा व्हेंट असतो. तेलाशिवाय थंडावा नसल्याने हवा फार तापते, म्हणून दाब दोन टप्प्यांत वाढवतात आणि मध्ये इंटरकूलर असतो. तरी दुसऱ्या टप्प्यातून हवा १८० अंशांच्या घरात बाहेर येते.

स्क्रोल लहान क्षमतेला चांगला, क्यूसी (दर्जा तपासणी) लॅब किंवा छोट्या पॅकिंग लाइनला पुरतो, आवाजही कमी. पाणी-इंजेक्टेड स्क्रू थंड चालतो, पण त्या पाण्याची शुद्धता आणि त्यात होणारी जंतूंची वाढ सांभाळावी लागते. टेफ्लॉन रिंगचे पिस्टन बाटल्या फुगवण्याच्या ४० बारपर्यंतच्या दाबाला अजूनही चालतात. फर्मेंटेशनला कमी दाबाची पण प्रचंड हवा रात्रंदिवस लागते, तिथे सेंट्रिफ्यूगल योग्य. मध्यम आकाराच्या बहुतेक औषध कारखान्यांत निवड दोन टप्प्यांच्या ड्राय स्क्रूवर येऊन थांबते.

आता क्षमता. सगळ्या टोकांची मागणी नुसती बेरीज करून चालत नाही, एका वेळी किती टोकं चालतात ते पाहावं लागतं. शक्य झालं तर आठवडाभर फ्लो मीटर लावून मोजा. दाब गरजेपेक्षा जास्त मागू नका. प्रत्येक एका बारला वीज सुमारे ७ टक्के जास्त जाते, आणि कॉम्प्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा विजेचा असतो. मागणी खालीवर होत असेल तर दोनांपैकी एक यंत्र व्हीएफडीचं (मागणीप्रमाणे वेग बदलणारं) घ्या.

स्टँडबाय यंत्रही ऑइल-फ्रीच हवं. हे वाक्य अपेक्षापत्रात ठळक लिहा. बजेट कमी पडलं की जुना ऑइल-इंजेक्टेड ‘फक्त ब्रेकडाउनपुरता’ त्याच हेडरला जोडून ठेवतात. मग एखाद्या रात्री मुख्य यंत्र ट्रिप होतं, ऑपरेटर उत्पादन थांबू नये म्हणून व्हॉल्व्ह उघडतो आणि एका शिफ्टमध्ये ड्रायरचा डेसिकंट (ओलावा शोषणारे दाणे), फिल्टर, पाइप सगळं तेलात भिजतं. ऑपरेटरला दोष देऊ नका, व्हॉल्व्ह तिथे ठेवणाऱ्याने तो रस्ता खुला ठेवला होता. जुनं यंत्र ठेवायचंच असेल तर मधला पाइपचा तुकडा काढून दोन्ही तोंडांना ब्लाइंड फ्लँज (बंद झाकण) मारा. भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरलाही हाच नियम.

पायरी ५: खोली आणि हवेचं तोंड

कॉम्प्रेसर ७ बारला आठ घनमीटर बाहेरची हवा एका घनमीटरमध्ये दाबतो. त्या आठ घनमीटरमधला धूर, सॉल्व्हंट, डिझेलची वाफ सगळं त्यासोबत आत येतं. ऑइल-फ्री यंत्र स्वतः तेल घालत नाही, पण बाहेरून आलेलं काढूनही टाकत नाही. म्हणून इनटेकची, म्हणजे हवा आत घेण्याच्या तोंडाची, जागा यंत्राइतकीच महत्त्वाची.

बडोदा रसायनांचं गाव आहे आणि ते आजचं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. त्याच कलाभवनाचे त्रिभुवनदास गज्जर पुढे १९०७ मध्ये अलेम्बिक या रसायन-औषध कंपनीच्या संस्थापकांत होते, आणि त्यांच्यासोबत कोटिभास्कर हे मराठी नावही होतं. कोयलीची रिफायनरी, नंदेसरीची वसाहत त्यानंतरची. हा वारसा आपल्याला अभिमानाचा आहे, पण इनटेकसाठी त्याचा अर्थ एवढाच की शेजारच्या हवेत हायड्रोकार्बन नाहीत असं गृहीत धरू नका. इनटेकच्या जागी बाहेरची हवा मोजून घ्या. ती वाईट निघाली तर ड्रायरनंतर, म्हणजे कोरड्या हवेवर, कार्बन टॉवर लावा.

खोलीभोवती फिरून पाहा. डीजीचं धुराडं, बॉयलरची चिमणी, सॉल्व्हंट रिकव्हरीचे व्हेंट, ट्रक उभे राहण्याची जागा, कूलिंग टॉवरचे तुषार. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथे वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, हिवाळ्यात ईशान्येकडून. दोन्ही दिशांचा विचार करून तोंड वर आणि दूर घ्या. आणखी एक बारीक गोष्ट: गिअरबॉक्सच्या, हवा बाहेर सोडणाऱ्या, ब्रीदरमधून तेलाचा धूर सुटतो. तो ब्रीदर खोलीतच सुटत असेल आणि यंत्र खोलीतूनच हवा घेत असेल, तर तुमचं ऑइल-फ्री यंत्र स्वतःचंच तेल ओढतंय. ब्रीदर बाहेर, इनटेकपासून लांब न्या.

एअर-कूल्ड यंत्राची गरम हवा डक्टने बाहेर काढा, नाहीतर मे महिन्यात खोली तापते आणि यंत्र हाय टेंपरेचरवर ट्रिप होतं. वॉटर-कूल्ड घेतलं तर बोअरच्या कडक पाण्याने इंटरकूलरमध्ये क्षार बसतात, त्यासाठी सॉफ्टनर आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यावर लक्ष हवं. आणि जोतं उंच ठेवा. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं ते प्रत्येक बडोदेकराला ठाऊक आहे. स्टार्टर पॅनल आणि मोटर पाण्यात गेल्यावर दर्जाची चर्चा करायला कारखाना चालू तरी हवा.

पायरी ६: पाणी

नव्या माणसाला तेलाची भीती असते, प्रत्यक्षात रोजचा त्रास पाण्याचा होतो. जुलैची एक संध्याकाळ घ्या, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. ५०० सीएफएमचं यंत्र तासाला साधारण २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात आत ओढतं. कॉम्प्रेसरनंतरच्या आफ्टरकूलरने हवा ४० अंशांवर आणली की त्यातलं १६ लिटर तिथेच द्रव होतं. उरलेलं पाच-सहा लिटर ड्रायरने काढायचं. आफ्टरकूलरचा ऑटो ड्रेन (पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला, की तेच १६ लिटर दर तासाला ड्रायरवर जाऊन आदळतं. ड्रेनची पन्नास रुपयांची गाळणी साफ न केल्याने लाखोंचा ड्रायर बसतो, तो असा.

रेफ्रिजरेटेड ड्रायर अधिक ३ अंशांचा दवबिंदू देतो, सामान्य पॅकिंगला पुरतो. ओलावा शोषणाऱ्या पावडरी, जेट मिल, थेट संपर्काची हवा, इथे उणे ४० चा डेसिकंट ड्रायर लागतो. एवढ्या कोरड्या हवेत जंतूंची वाढही होत नाही, ही त्याची मोठी बाजू. साधा हीटलेस ड्रायर स्वतःला सुकवायला १५ टक्क्यांच्या आसपास हवा वाया घालवतो. ड्राय स्क्रूच्या गरम हवेवरच डेसिकंट सुकवणारा हीट ऑफ कॉम्प्रेशन ड्रायर ही हवा वाचवतो. तो ऑइल-फ्री यंत्रालाच लावता येतो, तेलकट हवेने डेसिकंट निकामी होईल. ऑइल-फ्रीची किंमत जास्त म्हणून कोणी अडवत असेल तर हा फायदा हिशेबात दाखवा. फक्त कॉम्प्रेसर कमी दाबाने किंवा कमी लोडवर चालला तर या ड्रायरचा दवबिंदू टिकतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

ड्रायरची क्षमता बघताना त्यावर लिहिलेलं इनलेट तापमान वाचा. ३५ अंशांवर मोजलेली क्षमता ४५ अंशांच्या हवेला मिळत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की पाणी जवळपास दुप्पट होतं.

पायरी ७: पाइपलाइन

तेल नसलेल्या हवेतलं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि पाइपाच्या आत तेलाचा पापुद्राही नसतो. म्हणून काळा किंवा गॅल्व्हनाइझ्ड पाइप ऑइल-फ्री हवेत लवकर गंजतो आणि गंजाचे कण टोकापर्यंत जातात. स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅनोडाइझ्ड अ‍ॅल्युमिनियम घ्या, थेट संपर्काच्या शेवटच्या भागात ३१६ एल दर्जाचं स्टेनलेस. हेडरला १०० ला १ असा उतार द्या, खालच्या बिंदूला ड्रेन, आणि प्रत्येक फाटा हेडरच्या वरच्या बाजूने काढा म्हणजे साचलेलं पाणी फाट्यात उतरत नाही. डेड लेग, म्हणजे हवा न वाहणारा बंद तुकडा, ठेवू नका.

नवीन पाइपावर कारखान्यातून तेल लागून येतं, बॉल व्हॉल्व्हच्या आत ग्रीस असतं, थ्रेडवर लावायचा मसालाही तेलकट असू शकतो. बसवण्याआधी डिग्रीझ करा आणि त्याची नोंद ठेवा. जुन्या पाइपलाइनवर नवं ऑइल-फ्री यंत्र जोडलं तर अनेक महिने तेल येत राहतं आणि बिचाऱ्या यंत्राला दोष लागतो. पाइप बदलायला पैसे नसतील तर निदान थेट संपर्काच्या टोकांसाठी वेगळा नवा हेडर घाला.

गळतीही इथेच बघा. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे ३-४ किलोवॉट खातं. युनिटला ८ रुपये धरले आणि ८,००० तास, तर एका भोकाचे वर्षाला दोन ते अडीच लाख जातात. रविवारी प्लांट बंद असताना कान देऊन फिरा, गळती ऐकू येते. हवा साठवणारी रिसीव्हर टाकी दाबाचं भांडं आहे. कारखान्यांच्या सुरक्षेच्या कायद्याखाली तिची सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागते, सेफ्टी व्हॉल्व्हसकट. ती तारीख क्यूएच्या (दर्जा हमी विभागाच्या) नाही, तुमच्या कॅलेंडरवर हवी.

पायरी ८: मोजणी

सॅम्पलिंगची टोकं पाइपलाइन घालतानाच ठेवा: कॉम्प्रेसरनंतर, ड्रायरनंतर, हेडरच्या शेवटी आणि प्रत्येक थेट संपर्काच्या जागी. नंतर बसवायला गेलं तर वेल्डिंगसाठी लाइन बंद करावी लागते आणि मग ते राहूनच जातं.

तेलाचे तुषार आणि वाफ वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात. तुषार मेम्ब्रेनवर पकडतात, वाफ शोषक नळीत गोळा करून गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासतात. रंग बदलणाऱ्या साध्या काचनळ्या झटपट अंदाजाला बऱ्या, पण त्यांच्या भरवशावर ‘वर्ग १’ असं लिहू नका. लॅब निवडताना एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं) मानांकन आहे एवढ्यावर थांबू नका, नेमक्या या चाचणीसाठी आणि या मर्यादेपर्यंत आहे का ते स्कोपमध्ये वाचा. जंतूंची मर्यादा त्या खोलीच्या ग्रेडशी जुळवून क्यूए ठरवतं.

पहिली फेरी यंत्र पूर्ण लोडवर असताना घ्या, आणि दुसरी पावसाळ्यात. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत काढलेल्या सुंदर अहवालावर जुलैचं उत्पादन तोलू नका. दवबिंदूसाठी मात्र वर्षातून एकदा येणारी लॅब पुरत नाही. ऑनलाइन मीटर आणि अलार्म बसवा.

पायरी ९: रोजची नजर

लॉगबुकात दवबिंदू, फिल्टरचं डिफरन्शियल प्रेशर, दोन्ही टप्प्यांची तापमानं, इंटरकूलरचा दाब आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी लिहा. आकडा लिहिणं आणि आकडा वाचणं यात फरक आहे. कालच्या आणि महिन्यापूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहा. दुसऱ्या टप्प्याचं तापमान हळूहळू चढत असेल तर कूलर घाण झाला आहे किंवा रोटरचं कोटिंग झिजतं आहे. गिअरबॉक्सला नेहमीपेक्षा जास्त तेल घालावं लागलं तर थांबा. ते तेल कुठेतरी जातंय, आणि कुठे जातंय हे कळेपर्यंत थेट संपर्काच्या टोकांबद्दल क्यूएला सांगून ठेवा. ड्रेन हाताने उघडून बघण्याला पर्याय नाही. थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्या, वास घ्या, डाग बघा.

पायरी १०: अहवाल नापास आला तर

लगेच दुसरा नमुना काढून ‘पास’ मिळवायची घाई करू नका. पहिल्यांदा त्या टोकाचा वापर थांबवा आणि क्यूएला लेखी कळवा. मागच्या चांगल्या अहवालापासून आजपर्यंतच्या बॅचेसचा विचार त्यांना करायचा असतो, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकं रुग्णासाठी बरं.

मग यंत्रापासून टोकाकडे एकेक नमुना घ्या. कॉम्प्रेसरनंतर चांगली आणि हेडरच्या शेवटी वाईट असेल तर दोष पाइपात किंवा कुठल्या तरी नव्या जोडणीत. सगळीकडे सारखीच वाईट असेल तर इनटेक पाहा: त्या दिवशी डीजी चालू होता का, शेजारी रंगकाम चाललं होतं का. फक्त एका टोकाला वाईट असेल तर तिथली होज आणि रेग्युलेटर उघडा. रबरी होजमधूनही वाफ सुटते, आणि हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर बसवलेला एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर संच) चुकून लागलेला मी पाहिला आहे.

कारण सापडल्यावर तेलात भिजलेले फिल्टर एलिमेंट, कार्बन आणि डेसिकंट बदलूनच टाका, ते धुवून परत येत नाहीत. होज बदला. स्टेनलेसचा पाइप डिग्रीझ करून कोरडी हवा सोडा. मग त्याच टोकाला, त्याच पद्धतीने, त्याच लॅबकडून, क्यूए ठरवेल तितके सलग नमुने घ्या. ते सगळे पास झाल्यावर क्यूएच्या सहीने टोक पुन्हा उघडा.